कुलूपवाल्या काकांचं खरं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कारखान्यातून निघालो तो शाळकरी मुलांच्या दवाखान्यात आलो. पुढे कॅन्सरच्या इस्पितळात, नव्या औषधांची चाचणी चालते त्या खोलीत मला आणलं. माझ्यावर चढताना लोक पोट आत ओढतात. पण मला कुणाची भीड नाही.

काही कॅन्सर पेशीतल्या एका बारीकशा बिघाडामुळे वाढतात. नेमक्या त्या बिघाडावर जाणारी गोळी इथे तपासतात. माणसाला ती किती सोसेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून सुरुवातीला मोजक्या लोकांना थोडी देतात. त्यांना सोसली, तर पुढच्यांना वाढवून.

कुलूपवाले काका पहिल्या गटात होते. बाकीचे उपाय करून झाले होते. त्यांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. दर तपासणीला त्यांचं वजन तेवढंच्या तेवढं भरायचं. "काटा जुना, पण चोख," डॉक्टर म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

एकदा सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काका, वजन तेवढंच, मग पट्ट्याला हे नवं भोक कसं?"

"पट्टा सैल झालाय."

"खिसे रिकामे करा बघू."

कोटातून एक कुलूप निघालं, मग दुसरं, मग किल्ल्यांचा जुडगा. काकांचं पितळ उघडं पडलं, तेही खरोखरचं. पण कुणी हसलं नाही.

"वजन उतरलं की गोळी बंद कराल," काका म्हणाले. "मग माझ्याकडे उरतं काय?"

"थोडे दिवस थांबवू, मग कमी करून देऊ," सिस्टर म्हणाली. "पण तुम्हाला सोसतेय असं समजून आम्ही पुढच्यांना वाढवून देणार होतो, काका."

काकांनी दाराबाहेर पाहिलं. बाकावर पुढच्या गटातल्या शिक्षिका बाई बसल्या होत्या. काका दिसले की त्या आपल्यातलं अर्धं सफरचंद त्यांना द्यायच्या.

काकांनी बूटही काढले आणि ते माझ्यावर चढले.

"लिहा," ते म्हणाले. "आणि उलट्या होतात, तेही लिहा. सांगितलं नव्हतं."

ते फार हलके भरले. मला वाईट वाटलं.

गोळी पुढच्यांना वाढवली नाही. काकांना कमी करून मिळाली. त्यांची गाठ काही महिने थांबली, मग पुन्हा वाढली, आणि ते गेले. बाई अजून येतात. तीच कमी केलेली गोळी घेतात, आणि ती त्यांना सोसते.

आता आकडे उजळणारा नवा काटा आलाय. माझ्यावर लोक पिशव्या ठेवतात. ठेवोत बापडे. पण जोवर एखाद्या आजाऱ्याला माझ्यावर उभं करता, तोवर मला पुसत जा, सपाट फरशीवर ठेवा, अधूनमधून तपासून घ्या. आणि मित्रांनो, माझा आकडा आवडला नाही तर माझ्यावर खुशाल रागवा, पण मला फसवू नका. माझ्यावर एकच माणूस उभा असतो. त्याच्या आकड्यावर मात्र मागून येणारा पाय ठेवणार असतो.