क्लिप खुराड्याला, मिरची मला

मित्रांनो, मी पिन आहे. लगेच कागदाला टोचायची टाचणी डोळ्यांपुढे आणू नका. माझी लांबी वीतभर आहे, जाडी तुमच्या अंगठ्याच्या दुप्पट आहे, आणि पायावर पडले तर आठवडाभर तुम्ही माझं नाव विसरणार नाही. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली जाताना तुम्ही रोज बघता. ती मागे का जाते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. ती माझ्यामुळे जाते.

माझा जन्म दिंडोरीच्या भिमाजी मिस्त्रींच्या लेथवर झाला. एका ट्रकचा मोडका अ‍ॅक्सल त्यांच्या दुकानाबाहेर गंजत पडला होता, त्यातून त्यांनी मला कापून, तासून, डोकं देऊन उभं केलं. खालच्या टोकाला एक आरपार भोक पाडलं. त्या भोकात बसणारी स्प्रिंगच्या तारेची क्लिप केली आणि वर एक जाड साखळी दिली. मग माझे मालक केरूभाऊ यांच्या हातात आम्हा तिघींना ठेवून ते म्हणाले, "केरू, नीट ऐक. ट्रॅक्टरचं भोक अन् ट्रॉलीच्या दांड्याचं भोक एकावर एक आणायचं, वरून पिन सोडायची, अन् खालून क्लिप घालायची, म्हंजी पिन उसळून वर येत नाय. साखळी येगळी लावायची. पिननं दगा दिलाच तर ती ट्रॉली धरून ठेवती. तिघींची फाटाफूट करू नको."

केरूभाऊ "व्हय, व्हय" म्हणाले. पण मन घरी पोचलेलं असताना माणूस जसं "व्हय" म्हणतो, तसलं ते "व्हय" होतं.

पहिली काही वर्षं आमचा संसार दृष्ट लागण्यासारखा चालला. बागेत शेणखत नेलं, बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट नेले, हंगामात द्राक्षं नेली. टोमॅटो चांगले गेले की केरूभाऊ ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारत. दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूचा हार, ट्रॉलीला कुंकवाची पाच बोटं, आणि मला काहीच नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

मग एके दिवशी म्हशीचं दावं तुटलं. केरूभाऊंनी इकडेतिकडे बघितलं आणि आमची साखळी नेऊन म्हशीला बांधली. म्हैस सुरक्षित झाली.

क्लिप गेली ती लिंबू-मिरचीपायी. केरूभाऊ दर शनिवारी ट्रॅक्टरच्या पुढे लिंबू-मिरची बांधत. पण द्राक्षाच्या ओळीत औषध मारताना ती वेलींना अडकून तुटायची. म्हणून त्यांनी ती मागे बांधायचं ठरवलं. मागे तयार भोक एकच होतं, माझं. त्यांनी क्लिप काढून घराच्या खिडकीत ठेवली, आणि बागेतली एक पातळ तार माझ्या भोकातून ओवून तिला लिंबू-मिरची लटकवली. मग मागे सरून बघितलं आणि म्हणाले, "आता कुनाची नजर लागत नाय."

त्याच आठवड्यात खुराड्याची कडी मोडली आणि मुंगसाने एक कोंबडी नेली. केरूभाऊंच्या बायकोला, लंकाबाईंना, खिडकीत एक क्लिप दिसली. खुराड्याच्या कोयंड्यात ती इतकी चपखल बसली की लंकाबाईंनी स्वतःचीच पाठ थोपटली. कोंबड्याही सुरक्षित झाल्या. त्या घरात आता चार टन वजन ओढणारी मी तेवढी देवाच्या भरवशावर उरले होते.

लंकाबाई म्हणजे मनात आलं की करून दाखवणारी बाई. गावातली पिठाची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. बाया डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जायच्या. लंकाबाईंनी ठरवलं, गिरणी आपण घालायची. घोटीला एकजण आपली जुनी गिरणी विकायला काढतो आहे असं कळलं. जुनी होती, पण दणकट. वरच्या बाजूला नरसाळं आणि आत दळायचे हे जड दगड. आणायला निघण्याआधी बचत गटातल्या बायांना त्यांनी सांगूनही टाकलं की उद्या सकाळी पहिलं दळण घेऊन या. ही गिरणी रस्त्यात फुटली असती तर दुसरी येणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

घोटीत गिरणी ट्रॉलीत चढवली, दोराने आवळून बांधली. एवढ्यात केरूभाऊंना तांदूळ दिसला. "आलोच हावोत तर घेऊ थोडा," म्हणत त्यांनी थोडा थोडा करत इतकी पोती घेतली की ट्रॉलीची चाकं बसायला आली. भिमाजी मिस्त्री तिथे असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मला हात नाहीत.

"तू एसटीनं ये," केरूभाऊ म्हणाले.

"अन् गिरणी एकटी जाऊ द्यू?" असं म्हणून लंकाबाई पदर खोचून ट्रॉलीत चढल्या आणि गिरणीला पाठ टेकून पोत्यावर बसल्या.

मित्रांनो, ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नसते. हे मी ओरडून सांगितलं असतं, पण माझा आवाज म्हणजे नुसता खडखडाट, आणि केरूभाऊंनी टेप लावलेला होता. त्यांच्या टेपपुढे माझा काय, ट्रॅक्टरचासुद्धा आवाज ऐकू येत नाही.

घोटीहून त्र्यंबकच्या दिशेने निघालो. वाटेत एक लांबलचक चढ लागला. शहाणा माणूस चढ सुरू होण्याआधीच खालच्या गिअरमध्ये येतो आणि मग वर पोचेपर्यंत गिअरला हात लावत नाही. केरूभाऊ वरच्याच गिअरमध्ये ऐटीत चढाला लागले. अर्ध्यावर ट्रॅक्टर धापा टाकू लागला. तेव्हा त्यांनी क्लच दाबला, गिअर बदलला आणि क्लच एकदम सोडला. त्या क्षणभरात ट्रॉली पुढे-मागे हिसकली, खालून एका खड्ड्याने धक्का दिला, बागेतली ती बारीक तार तटकन तुटली, आणि मी उडाले.

मी रस्त्याच्या मधोमध पडले, लिंबू-मिरची माझ्या शेजारी. वर बघितलं तर केरूभाऊ चढ चढत होते. खाली बघितलं तर लंकाबाई चढ उतरत होत्या.

आता गंमत ऐका. ओझं सुटल्यावर ट्रॅक्टर एकदम हलका झाला आणि भराभर वर निघाला. केरूभाऊंना वाटलं, ही आपल्या गिअर बदलण्याची कमाल. त्यांनी टेपच्या तालावर मान हलवली आणि स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले, "याला म्हंत्यात डायवर."

तिकडे लंकाबाईंचं तोंड मागच्या बाजूला होतं. झाडं आधी लांब जात होती, ती आता जवळ येऊ लागली. त्यांना वाटलं, नवरा ट्रॉली मागे घेतोय. त्या कडाडल्या, "अहो, मागं कुठं चालले? काय इसरलं काय घोटीत?" उत्तर येईना, म्हणून त्यांनी वळून बघितलं. पुढे ट्रॅक्टर नव्हता. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, असं पुढे केरूभाऊ सांगतात, पण ते तिथे नव्हते आणि मी होते. त्यांनी दोन्ही हातांनी गिरणीला मिठी मारली आणि डोळे मिटले. मला तेव्हा अजिबात हसू आलं नाही. मी जिच्यासाठी जन्मले ती एकच गोष्ट माझ्याकडून सुटली होती, आणि त्या गोष्टीवर एक बाई बसलेली होती.

नशीब एवढंच, की मागून कुठलं वाहन येत नव्हतं, आणि ट्रॉलीचा दांडा आडवा फिरून तिची पुढची चाकं वाकडी झाली. ती रस्ता सोडून भाताच्या शेतात शिरली आणि पेंढ्याच्या भल्यामोठ्या गंजीत धप्पकन घुसली. गंजी हलली, थोडी तिच्यावर ढासळली, आणि सगळं शांत झालं.

चढाच्या माथ्यावर उज्वलाबाईंची चहाची टपरी आहे. केरूभाऊ तिथे रुबाबात थांबले, टेप बंद केला आणि म्हणाले, "दोन चहा द्या. एक हितं, एक ट्रॉलीत."

उज्वलाबाईंनी त्यांच्या मागे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, ट्रॉली कुठं ठिवली?"

केरूभाऊंनी मागे वळून बघितलं. मागे नुसता रस्ता होता.

त्यांनी हँडब्रेक ओढला एवढं मात्र कबूल करायला हवं. मग ते पळत सुटले. एक चप्पल टपरीपाशी राहिली, दुसरी माझ्या अंगावरून गेली. "लंका, ए लंका" एवढंच त्यांच्या तोंडात होतं.

गंजी हलली आणि तिच्यातून एक हात बाहेर आला, मग केसांत पेंढा अडकलेलं डोकं. "गिरणी बघा आधी," लंकाबाई म्हणाल्या.

केरूभाऊ गिरणीकडे न बघता पेंढ्यात गुडघे टेकून बसले. "मागं वळून पाह्यलं तर तू नव्हती," ते म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले. ते डोळे पुसत होते. लंकाबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा पेंढा झटकला आणि म्हणाल्या, "हाय ना आता. उठा."

गिरणीच्या नरसाळ्याला एक पोचा आला होता, बाकी ती धडधाकट होती. दोघं चढावर आले तेव्हा मी तिथेच पडले होते. केरूभाऊंनी मला उचललं. लंकाबाईंनी माझ्या खालच्या भोकात बोट घालून विचारलं, "हितं काय असतंय?"

"क्लिप."

"मंग हाय कुठं?"

"खिडकीत ठिवली व्हती."

लंकाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वाकडी तार, अशी पिळा घातलेली?"

"व्हय. तुला गावली?"

"खुराड्याला लावली," त्या हळूच म्हणाल्या.

लंकाबाई म्हणाल्या, "तुम्ही काढली नसती तर मी लावली नसती." केरूभाऊ म्हणाले, "तू इचारलं असतं तर मी सांगितलं असतं." दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण पुढे गेलं नाही.

केरूभाऊंना लगेच निघायचं होतं. तिथे पडलेली सळी दाखवून म्हणाले, "ही वाकवून घालू. घरापत्तूर जाईल."

"सळी न्हाय, तार न्हाय," लंकाबाई म्हणाल्या. "घोटीला जा. क्लिप आना, साखळी आना. तवर मी वर टपरीवर चहा पिती."

"अन् ही?" केरूभाऊंनी धुळीतली लिंबू-मिरची उचलली.

"ती पुढं आरशाला बांधा. तिनं नजर सांभाळावी, पिननं वजन."

केरूभाऊ निमूट गेले आणि आले. ट्रॅक्टर लावून ट्रॉली गंजीतून रस्त्यावर काढायची होती, म्हणून मला आधी तिथेच बसवलं. खाली नवी क्लिप, बाजूला नवी साखळी. केरूभाऊंनी ट्रॅक्टर बोटभर पुढे घेऊन ताण दिला, मग उतरले, वाकले आणि क्लिप ओढून बघितली. मग ट्रॉली वर आणली आणि जास्तीची पोती उज्वलाबाईंच्या टपरीमागे उतरवून ठेवली. लंकाबाईंनी गिरणीचे दोर तपासले आणि रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभ्या राहिल्या.

"गिरणी एकटी येईल का?" केरूभाऊंनी विचारलं. चेष्टा करायचा धीर त्यांना परत आला होता.

"तिला बांधलंय," त्या म्हणाल्या. "मला कुनी बांधलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी गावात गिरणी घरघरली. गटाच्या बाया दळण घेऊन ओळीने उभ्या होत्या. लंकाबाईंनी गिरणीला हळदकुंकू वाहिलं, मग तबक घेऊन बाहेर आल्या. केरूभाऊ सवयीने ट्रॅक्टरच्या बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले. लंकाबाई त्यांना ओलांडून मागे आल्या, खाली वाकल्या आणि माझ्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

मित्रांनो, आता मी जुनी झाले आहे. माझी जुनी क्लिप अजून खुराड्यावर आहे, कोंबड्या सुखी आहेत, आणि मला तिची आठवण येते. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी ट्रॅक्टर चालवत असेल, तर निघताना त्याला एकदा मागे जाऊन वाकायला लावा. त्याला एक क्षण लागतो. केरूभाऊ आता रोज वाकतात. त्यांची कंबर दुखते, तरी वाकतात. आणि चढ लागला की टेप बंद करून दर थोड्या वेळाने मागे वळून बघतात. मागे ट्रॉली असते, ट्रॉलीत कुणीच नसतं, आणि ते दृश्य बघून त्यांना बरं वाटतं.