बायकांच्या बाजूनं आलेला आवाज

लुंबिनी माझ्या नाटकाची वही घेऊन येणार होती. सोबत तिचे वडील येतील हे मला माहीत नव्हतं.

ती नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. गावोगावच्या मंडळींनी जत्रेत केलेली नाटकं गोळा करून त्यांचं पुस्तक काढायचं तिनं मनावर घेतलं होतं, आणि माझी 'भागिरथीची पाठवणी' त्यात यायची होती. शाळेतून रिटायर होऊन मला अकरा वर्षं झाली. मुलगा संगमेश नांदेडलाच रेल्वेत आहे, त्याच्या क्वार्टरच्या गॅलरीत बसून पेपर वाचायचा एवढाच माझा उद्योग. एकोणसत्तराव्या वर्षी आपलं नाव छापून येणार म्हणून मला केवढा आनंद झाला होता, ते सांगायला आता लाज वाटते.

लुंबिनीच्या मागून एक पांढऱ्या सदऱ्यातला, जरा पाय ओढत चालणारा माणूस आत आला.

"गुरुजी, वळखलं का?"

चेहरा नाही ओळखला, आवाज ओळखला. चाळीस वर्षांपूर्वी तळेवाडीच्या शाळेच्या पटांगणात माझी भागिरथी याच आवाजात रडली होती. तो व्यंकटी होता. आणि लुंबिनी त्याची मुलगी, हे मला त्या दिवशी कळलं.

चहा झाला. लुंबिनीनं वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. "सर, हा शेवट तुमचा आहे का?"

"माझंच अक्षर आहे की."

"अक्षर नाही विचारत, सर."

व्यंकटी खाली बघत म्हणाला, "म्याच बोललो तिच्याजवळ. चुकलं असंल तर माफी करा, गुरुजी. पण तुमचा शेवट निराळा होता. मला पाठ हाय अजून."

तो खरं बोलत होता.

सन त्र्याऐंशीची गोष्ट. मी उदगीरचा, नोकरीनं तळेवाडीला पडलो होतो. शिरूर अनंतपाळ तेव्हा तालुका झालेला नव्हता, आणि तिथून तळेवाडी आणखी सहा किलोमीटर. चैत्रात महादेवाची जत्रा भरायची आणि रात्री देवळापुढच्या कट्ट्यावर नाटक व्हायचं. रात्रीचं असल्यामुळं पुरुषच जास्त. बायका एखादा प्रवेश बघून, लेकरं पेंगली की उठून जायच्या.

त्या वर्षी जत्रेच्या महिनाभर आधी गावाची विजेची डीपी जळाली. नवी काही येईना. मग ठरलं की नाटक दिवसा करायचं, शाळेच्या पटांगणात, इमारतीची सावली पडली की चार वाजता. शाळेत करायचं म्हटल्यावर मी भागिरथीच्या कामाला व्यंकटीला घेतलं. बौद्धवाड्यातला बावीस वर्षांचा मजूर पोरगा, पण काय गळा होता! देवळाच्या कट्ट्यावर त्याला कुणी चढू दिलं नसतं. शाळेत कुणी अडवलं नाही.

नाटक मीच लिहिलेलं. भागिरथीचा नवरा मरतो. सासरा म्हणतो, आता तुझं इथं काय राहिलं, माहेरी जा. ती बोचकं उचलते, उंबऱ्याला हात लावते आणि प्रेक्षकांच्या मधून चालत निघून जाते. लोकांच्या मधून बाहेर जायची ही युक्ती मी लातूरला एका नाटकात बघितली होती. तिच्यावर मी फार खूश होतो. सगळं गाव रडणार, अशी माझी खात्री होती.

आणि दिवसा असल्यामुळं बायका आल्या. इतक्या आल्या की डावी बाजू भरून, पार हौदापर्यंत त्याच. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर सरपंच, पाटील, मोठे बागायतदार. सासऱ्याचं काम करत होता किराणा दुकानवाला ईश्वरप्पा. मी पडद्यामागं वही घेऊन उभा.

शेवटचा प्रवेश आला. ईश्वरप्पा म्हणाला, "ऊठ, तुझा भाऊ वेशीत उभा हाय." व्यंकटीनं बोचकं उचललं, उंबऱ्याला हात लावला. पटांगणात चिमणीचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "न्हाई!"

मला वाटलं एखादं लेकरू हट्ट करतंय. मग पिवळं लुगडं नेसलेली एक तरुण बाई उभी राहिली. शांतम्मा. तिची मुलगी माझ्या शाळेत पहिलीला होती. ती ओरडली, "कुठं जातीस गं? तुझंबी घर हाय ते! जाऊ नको!"

पुरुष हसायला लागले. "ए, खाली बस," कुणीतरी दटावलं. ती बसली नाही. तिच्या शेजारची लक्ष्मम्मा उठली, मागची गंगम्मा उठली. व्यंकटी ठरल्याप्रमाणं पायरी उतरून बायकांच्या बाजूनं निघाला, तर त्या वाटेत उभ्या. तो डावीकडं सरकला, त्या डावीकडं सरकल्या.

मी पडद्याआडून कुजबुजलो, "जा ना! जा!"

तो मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुठून जाऊ, गुरुजी? वाट देईनात."

किती वेळ गेला कोण जाणे. ईश्वरप्पा घामाघूम झाला होता. माझ्याकडं बघत होता, मी वहीत बघत होतो. वहीत काहीच नव्हतं. शेवटी त्यानं कपाळावरचा फेटा मागं सारला आणि आपल्या मनानंच म्हणाला, "बरं, राहा. घर तुझंबी हाय."

त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या, तशा मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. बायका टाळ्या वाजवत होत्या! डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि वाजवत होत्या.

मी मात्र भडकलो होतो. रंगपटात ईश्वरप्पाला बोललो, व्यंकटीला बोललो. अडाणी लोकांपुढं कला कशाला नाचवायची, असंही बोललो. एका शिक्षकाच्या तोंडी हे शब्द आले.

पुढच्या वर्षी लातूरला हौशी मंडळांची स्पर्धा होती. नाटक बसवताना मी जुना शेवट करून बघितला, तो मलाच बेचव लागला. मग शेवटचं पान फाडलं आणि ईश्वरप्पाचं वाक्य नव्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं. आम्हाला ढाल मिळाली. परीक्षक व्यासपीठावरून म्हणाले, "लेखकानं रूढीला नकार द्यायचं धाडस दाखवलं." मी हात जोडले. तळेवाडीचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढं चाळीस वर्षांतही नाही.

हे सगळं मी लुंबिनीला सांगितलं. ती लिहून घेत होती, पण मध्येच तिनं पेन खाली ठेवलं. "त्या बाई आहेत का अजून?"

"हायत," व्यंकटी म्हणाला. "तळेवाडीतच हायत."

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही तिघं लुंबिनीच्या गाडीतून निघालो. लोहा, अहमदपूर मागं टाकून नळेगावला चहा घेतला. व्यंकटी खिडकीतून बघत होता. पंच्याऐंशीला तो नांदेडला आला, एका ऑफिसात शिपाई झाला, तो पुन्हा गावात फारसा गेला नव्हता. चहा पिता पिता तो एकदम म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी ईश्वरप्पा शेठ मला म्हणले, राहा, घर तुझंबी हाय. आख्ख्या गावापुढं म्हणले. लुगड्यात होतो म्हणून म्हणले." आणि तो मोठ्यानं हसला. लुंबिनी हसली नाही. मलाही हसता आलं नाही.

तळेवाडी बदललीय. वेशीपर्यंत सिमेंटचा रस्ता, शाळेवर नवे पत्रे. पटांगण मात्र तेवढंच होतं. मला ते फार मोठं आठवत होतं.

शांतम्मा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे झालेले. तिनं आधी मला बघितलं, मग व्यंकटीला, आणि तिच्या हातातली शेंग खाली पडली.

"अगं बया! भागिरथी!"

व्यंकटी लाजला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस खरंच लाजला. शांतम्मानं आत हाक मारून पाणी मागवलं, सतरंजी टाकली, आम्हाला बसवलं. व्यंकटी ओसरीच्या कडेला टेकायला लागला तशी ती म्हणाली, "वर बस की रं. कोणता जमाना राहिलाय आता."

मी काय बोलायचं ते वाटेत ठरवून आलो होतो. तुमच्यामुळं माझं नाटक चांगलं झालं, बक्षीस मात्र मी घेतलं, नाव मी घेतलं, ते चुकलं. एवढं बोलून मी थांबलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नाटकाचं मला काय कळतंय, गुरुजी? मी तिकडं बघतच नव्हते."

"म्हणजे?"

"माझा सासरा बसला होता न्हाई का पुढं, खुर्चीवर? मी त्याच्याकडं बघत होते. मालक कार्तिकात गेले, हिरीत पडून. माझ्या भावाला सांगावा गेलता, जत्रा झाली की बहिणीला घेऊन जा म्हणून. पोरगी इथं ठेवून जा, म्हणत होता सासरा. तुमच्या नाटकातला भाऊ वेशीत उभा होता, माझा तर खरंच येऊन बसला होता घरी."

तिचा नवरा विहिरीत पडून गेला हे मला तेव्हाही माहीत होतं, पुढचं नव्हतं. ती शेंगा सोलत राहिली.

"ईश्वरप्पा म्हणाले, ऊठ. मला वाटलं, मलाच म्हणले. मग मीच मला म्हणलं, जाऊ नको. ते मोठ्यानं आलं तोंडातून, तर काय करू?"

"मग पुढं?" लुंबिनीनं विचारलं.

"मग काय. घरी गेले की सासरा जीव घेतोय म्हणून पटांगणातच बसून राहिले. तर लक्ष्मम्मा म्हणाली, चल, आमी येतो. पंधरा-वीस जणी आल्या. काई बोलल्या न्हाईत. इथं, याच ओसरीवर बसल्या, दिवस मावळूस्तोवर. सासरा आला, बघितलं, आत गेला. तो तरी काय बोलणार? आख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या होत्या, सरपंचानंबी वाजवल्या. तिसऱ्या दिवशी भावाला म्हणला, जेवा आणि जावा, तुमची बहीण ऱ्हाती इथंच."

"म्हणजे त्यांना पटलं," मी म्हणालो.

"कशाचं पटतंय! सात वर्षं बोलला न्हाई माझ्याशी. मी ताट वाढायचे, तो जेवायचा. पण दोन एकर माझ्याकडं राहिलं, पोरगी माझ्याजवळ राहिली. तिची पोरगी आता लातूरला शिकतीय." मग व्यंकटीकडं वळून तिनं विचारलं, "पर व्यंकटी, एक इचारू का? माझ्या आधी कोणीतरी 'न्हाई' म्हणलं होतं. माझा आवाज त्याच्या मागून निघाला. हौदाकडून आला होता तो. तुमची माणसं तिकडं बसायची. तुझी आय होती का रं, चांगुणा?"

व्यंकटीनं मान खाली घातली. "आय गेली, अक्का, धा वर्षं झाली. मला कधी बोलली न्हाई." मग तो म्हणाला, "माझं लुगडं तिचंच होतं. तिच्याच लुगड्यात मला हाकलून लावत होते."

लुंबिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

निघताना तिनं शांतम्माला विचारलं, पुस्तकात तुमचं नाव घालू का? शांतम्मा म्हणाली, "माझ्या एकटीचं नको. एकटी असते तर खाली बसले असते." मग आठवून आठवून तिनं नावं सांगितली. लुंबिनी लिहीत गेली. एकोणीस झाली. विसावं व्यंकटीनं सांगितलं, हौदाजवळचं.

पुस्तक जूनमध्ये निघालं. नाटकाच्या सुरुवातीला लेखक म्हणून माझं नाव आहे. शेवटच्या प्रवेशाच्या डोक्यावर छापलंय, 'हा प्रवेश तळेवाडीच्या बायकांचा', आणि खाली वीस नावं. संगमेशनं ते पान बघून विचारलं, "अप्पा, असं कुठं असतं का?" मी म्हटलं, "असावं."

आठवड्यानं एक फोन आला. पलीकडून एका मुलीचा आवाज. "गुरुजी, मी शांतम्माची नात बोलतेय. पुस्तक वाचून दाखवलं आज्जीला. तिला बोलायचंय."

"गुरुजी," शांतम्मा म्हणाली, "समदं बरुबर हाय. पर माझी जाऊ राहिली की."

"ती कुठं बसली होती?"

"कुठं बसतीय! ती आलीच न्हाई नाटकाला. म्हैस व्याली होती त्या दिवशी, कुणीतरी घरी थांबाया पायजे होतं. मी थांबते म्हणलं, तर ती म्हणली, तू जा, तुझा जीव रमंल. मी बघते हितलं. ती थांबली म्हणून मी आले." मग म्हणाली, "गेली बिचारी दोन सालं झाली. नागम्मा नाव. लिव्हा."

मी लुंबिनीला फोन करून सांगितलं. दुसऱ्या आवृत्तीत घेऊ, म्हणाली. दुसरी आवृत्ती निघेल की नाही, कोण जाणे. माझ्याकडं लेखकाच्या म्हणून आलेल्या दहा प्रती होत्या. गॅलरीत खुर्ची ओढून बसलो आणि दहाही प्रतींत, विसाव्या नावाखाली, पेनानं लिहिलं: नागम्मा.