तलावावरच्या घराची फेरणी

माझे दोन्ही भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आई त्यांना एकाच छपराच्या कामाला लावायला निघाली होती. मी तिला म्हटलं, "बाई, घर पडलं तरी चालेल, पण हे दोघं एका जागी नको." पण माझं ऐकेल तर ती आमची आई, बायनाबाई कसली!

सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात तलावाच्या पाळीवर, बांधालाच लागून, हे घर. आम्ही ढिवर, मासे धरणारे, म्हणून पाण्याला चिकटून. कुडाच्या दोन खोल्या, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मागच्या पावसात तलावाकडची भिंत बसली आणि आई श्रावणदादाकडे गावात राहायला गेली. तिथे तिचा जीव रमेना. तिला पाळीवर परत यायचं होतं, पण अट घालून बसली होती: दोन्ही लेकांच्या हातानं घर उभं झालं तरच मी त्यात राहीन. नाही तर पडू द्या.

हरिदादा बल्लारपूरला कागद कारखान्यात. बाबा गेले तेव्हा तो माती आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी आला. त्या दिवशी श्रावणदादानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. आईच्या हट्टापुढे मात्र दोघंही आले, बायकांना घेऊन. चार दिवसांत भिंत उभी राहिली. एक माती तुडवायचा, दुसरा बांबू चिरायचा, आणि मधे निरोप पोचवायला मी: "त्याले सांग, दोरी दे." "त्याले सांग, तिथीच पडली आहे." हाताच्या अंतरावर उभे होते मेले!

मग फेरणीचा, म्हणजे कवेलू चढवायचा दिवस आला. कवेलू हातोहात वर जातात. आमच्याकडची रीत अशी, की घेणारा "धरलो" म्हणेपर्यंत देणाऱ्यानं सोडायचं नाही. खाली दोघी वहिन्या, शिडीवर हरिदादा, छपरावर श्रावणदादा. श्रावणदादा काही "धरलो" म्हणेना. हरिदादा अंदाजानं सोडायचा. पहिल्या तासात इतके कवेलू फुटले, की वहिन्या आपापल्या नवऱ्याकडे बघून दात-ओठ खाऊ लागल्या. शेवटी आईनं मला शिडीवर दोघांच्या मधे चढवलं. मी दोघांच्याही वाटचं बोलायचं. दुपारपर्यंत माझा घसा बसला आणि डोकं सणकलं.

"मी नाई आता," म्हणून मी उतरले आणि सावलीत फतकल मारली. "फोडा सारे कवेलू! मले का त्याचं!"

पुढचा कवेलू हरिदादानं वर धरला. श्रावणदादानं पकडला. पण "धरलो" म्हणाला नाही. हरिदादानंही या वेळी सोडला नाही. दोघं एकच कवेलू धरून उन्हात उभे. वहिन्या थांबल्या. आई चिखल कालवत होती, तिचा हात तसाच राहिला.

"काऊन नाई आला रे तू?" श्रावणदादा एकदम ओरडला. "बाप मेला, अन् तू तिसऱ्या दिवशी येतं?"

हरिदादा खाली बघत म्हणाला, "त्याच दिवशी आलो होतो. बसमधून उतरलो तं तुम्ही सारे माती देऊन परत येऊन राह्यले होते. मले उशीर झाला, श्रावण. बाबाचं तोंड नाई भेटलं. मंग कोणत्या तोंडानं घरी येऊ? वाटलं, तू दारातूनच परत धाडशील. तसाच फिरलो. दोन दिवस स्टँडावर पडून राह्यलो."

मला रडू फुटलं. मेल्यानं हे कमळावहिनीला, स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिचा चेहराच सांगत होता.

श्रावणदादा कवेलू न सोडताच छपराच्या कडेला खाली वाकला. मग म्हणाला, "दारातून? अबे, या घराले दार कधी होतं? बांबूचा ताटवा होता, तोही कुत्र्यापायी."

हरिदादा हसला की रडला, मला खालून कळलं नाही. शिडी मात्र हलत होती.

"आता सोड," श्रावणदादा म्हणाला, "धरलो मी."

आई चिखलाच्या हातानंच डोळे पुसत होती, सगळं तोंड माखलं होतं. मी उठून तिच्याकडे गेले, तर माझ्यावरच खेकसली, "माह्याकडे का पाहतं? जाय, कवेलू दे त्याहीले. अर्धं घर उघडं आहे अजून."