कड कडेला जुळते का?

तुम्ही अर्धा नियम लिहिलात आणि उरलेला गिळून टाकलात. तुम्ही म्हणजे कोण, मला माहीत नाही. मोबाईलमधल्या त्या मांजरांच्या खेळावर तुमचं नाव कुठंच नाही. चेहरा लपवून नियम करणारे मी आयुष्यभर बघत आले. पण तुमच्या अर्ध्या नियमापायी माझ्या आईचा डोळा अडकून पडलाय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. वाचा.

माझी आई चंद्रव्वा. आम्ही तिला अव्वा म्हणतो. शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत अव्वा, मी आणि माझा धाकटा भाऊ महेश्वर राहतो. अव्वाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. महेशनं खटपट करून ऑपरेशनची तारीख घेतली, येत्या गुरुवारची. अव्वा तयार नाही. गल्लीतल्या एका बाईचा डोळा ऑपरेशननंतर गेला, त्याचा तिनं धसका घेतलाय.

दुधनीच्या पुढं तिच्या माहेरी देवळात कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनात प्रश्न धरायचा आणि बघत बसायचं. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. अव्वाचं लग्न पाकळीनं ठरवलं, माझी शाळाही पाकळीनंच बंद केली. आता गुडघ्यांमुळं तिला तिथवर जाणं होत नाही. म्हणून तिनं कौल तुमच्या खेळावर लावला. जी लेव्हल अडलीय ती तिच्या हातानं सुटली तर ऑपरेशन करून घ्यायचं, नाही सुटली तर नाही. कुणी उत्तर सांगायचं नाही, कुणी बोट लावायचं नाही. लावलं की कौल बाटला.

महेश म्हणाला, "डोळा डॉक्टरचा, आणि परवानगी मांजराची."

"मांजराला तुज्यापरीस जास्त दिसतं की," अव्वा म्हणाली आणि चांगला डोळा मोबाईलला लावून परत बसली.

तुमचा खेळ तुम्हाला काय सांगायचा, पण हे दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्यालाही कळावं. रंगीत चौकटींचा एक पट असतो. प्रत्येक आडव्या ओळीत एक मांजर बसवायचं, प्रत्येक उभ्या ओळीत एक, प्रत्येक रंगात एक. कुठलीही दोन मांजरं एकमेकांना टेकता कामा नयेत, कोपऱ्यालासुद्धा नाही. चुकलं की मांजर फिस्कारतं. बल्बचं बटण दाबून जाहिरात बघितली की खेळ स्वतःच एक मांजर बसवून देतो.

अव्वा ह्यात मुरलेली आहे. मी एखादी लेव्हल करेपर्यंत ती चहा पिऊन पुढची संपवते. मग ह्याच एका लेव्हलला तिचं घोडं का अडावं? मला राहवेना. भाजी निवडायचं निमित्त करून मी तिच्या मागं बसले. तिचं बोट पटाच्या अगदी डाव्या कडेच्या एका चौकटीवर जायचं आणि थांबायचं. मग ती मान वळवून उजवी कड बघायची, चुकचुकायची आणि बोट मागं घ्यायची. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मग मला एक आठवलं. आधीच्या काही लेव्हलना ती मुद्दाम बल्ब दाबायची. शाम्पूची जाहिरात शेवटपर्यंत बघायची, आणि खेळानं मांजर ठेवलं की पुटपुटायची, त्यानंच बसीवलं, माज्यावर काय न्हाय. मला वाटायचं म्हातारीला जाहिराती आवडतात. अव्वा नळाला गेल्यावर मी त्या जुन्या लेव्हल उघडून बघितल्या. बल्ब दाबलेली जी जी मला आठवली, तिच्यात एक मांजर डाव्या कडेला चिकटलेलं आणि लगतच्या ओळीतलं मांजर उजव्या कडेला चिकटलेलं. अडलेली लेव्हल मी कागदावर उतरवून घेतली आणि सोडवली. तिच्यातही तेच. उत्तर तिच्या बोटाखाली होतं आणि ती रोज तिथून परत फिरत होती.

सांगायची तर सोय नाही. म्हणून मी आडून विचारलं, दोन मांजरं टेकली असं कधी म्हणायचं गं, अव्वा?

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी भाकरी कशी खातात ते विचारलंय. खाटेवरची चादर ओढली, दोन्ही कडा हातात धरल्या आणि एकमेकींना आणून भिडवल्या.

"ही कड त्या कडंला मिळती. हितं एक बेक्कू, तितं एक बेक्कू. बघ आता, ह्याची शेपटी त्याच्या तोंडात गेली का न्हाय?"

तिच्या तोंडी मांजर म्हणजे बेक्कूच, माहेरची कानडी. पण ही कडेची भानगड माहेरची नाही, माझ्या वडिलांची आहे. ते चादरीच्या नक्ष्या काढायचे, चौकटीच्या कागदावर. ते रेघ मारायचे आणि अव्वा चौकटी रंगानं भरायची. त्या कामात उजवी कड म्हणजे शेवट नसतो. तिथं तीच नक्षी पुन्हा डावीकडून सुरू होते, चादरभर. डाव्या कडेचं फूल उजव्या कडेच्या फुलाला भिडलं तर सगळ्या चादरीवर जोडफुलं उठतात आणि कारखानदार शिव्या घालतो. अव्वानं उभा जन्म पट असाच बघितला. तो कडेला संपतो, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

मी म्हटलं, मोबाईल म्हणजे चादर नव्हे, इथं कड म्हणजे कड. ती म्हणाली, लिवलंय का तसं? वाच. मी तुमचे नियम मोठ्यानं वाचले. टेकू नये, एवढंच लिहिलंय. कडेबद्दल अक्षर नाही. बल्बनं तशीच मांजरं बसवलेली दाखवली, तर म्हणाली, त्याचा पट, तो काय बी करंल, मी कसं करू? महेश वैतागला, म्हणाला हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"मग शेंबड्या पोराकडून लिवून घ्यायचं हुतं," अव्वा म्हणाली.

तिनं वाट काढली ती अशी. पाकळी कशी चिकटवायची ते पुजाऱ्याला विचारलं तर कौल बाटत नाही. तसं ज्यानं खेळ केला त्यानं कडेचा नियम सांगितला तर चालेल. मी सांगून चालणार नाही, महेशनं सांगून चालणार नाही. त्यालाच इचार, म्हणाली.

विचारलं. खेळातल्या मदतीच्या खिडकीत मराठीत लिहिलं, मग शेजारच्या रेश्माकडून इंग्रजीत लिहून घेतलं. पहिलं उत्तर आलं की आम्हाला पाच तारे द्या. दुसरं आलं, अडचण असेल तर बल्ब दाबा. माणसानं लिहिलेलं एकही नाही.

माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं असं मी विचारत नाही, तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: खोटं लिहून मोकळं व्हायचं. तुमच्या नावानं दोन ओळी लिहून अव्वापुढं धरणं मला जड नाही. महेश तर कालच लिहायला बसला होता, मीच कागद काढून घेतला. ती माझ्या शब्दावर ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन पडेल. तिथं काही बिघडलं, तर त्या दोन ओळी कुणाच्या होत्या हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?

ह्या लेव्हलला अव्वा बल्ब दाबत नाही, बल्बनं बसवलेलं मांजर तिच्या हातचं नव्हे. तीच लेव्हल उघडून बसलीय, बोट डाव्या कडेवर, आणि मधूनमधून मला विचारते, आलं का गं? तुमच्या पटाच्या उजव्या कडेपलीकडं काय आहे? काहीच नाही, का पुन्हा डावी कड? तुमच्यातल्या एका माणसानं, स्वतःच्या नावानिशी, गुरुवारच्या आत मला सांगायचं. कोण सांगणार?