चकाकणारे जोड

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात चारशे सर्किट बोर्ड परत आले. पंपाच्या स्टार्टरमध्ये बसणारे हे बोर्ड शिसेमुक्त म्हणून पाठवले होते. पुण्याच्या ग्राहकाला सोल्डरच्या जोडांमध्ये शिसं सापडलं.

मॅनेजर युवराज यांनी खोक्यावरचा टेबल नंबर पाहिला. सहा. तिथं रूपाली बसायची, आठ महिन्यांपूर्वी सोल्डरिंगला लागलेली.

"जुनी तार कुठनं आणलीस?"

रूपालीनं लाइन सुपरवायझर श्रीपाल यांच्याकडं पाहिलं. ते दोन हात अंतरावर उभे होते. ते खोक्यातला एक बोर्ड उचलून त्याचे जोड बघत राहिले. चौकशी होईपर्यंत येऊ नको, असं तिला सांगण्यात आलं. तिनं अॅप्रनची घडी घातली आणि गेली.

सोल्डरची ती जुनी, शिशाची तार श्रीपालनीच दिली होती. बिनशिशाच्या तारेचा जोड थंड झाला की मळकट दिसतो. तो दोष नव्हे. तसं पत्रक भिंतीवर लावलेलं होतं. पण चकाकला तो जोड पक्का, मळकट तो कच्चा, अशी बावीस वर्षांत श्रीपालची नजर तयार झाली होती. नव्या तारेनं केलेले रूपालीचे बोर्ड ते रोज परत करायचे. तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्तीच्या कपाटातलं जुनं रीळ त्यांनी तिच्यापुढं ठेवलं. "ह्यानं कर. जोड आरशागत पायजे."

बुधवारी संध्याकाळी ते अनगोळला तिच्या घरी गेले. तिची सासू जयाबाई दारातच होती.

"या अण्णा. काल तोंडाला कुलूप हुतं म्हणं?"

श्रीपाल खाली मान घालून बसले. रूपाली भाजी चिरत होती, ती थांबली नाही.

"उद्या लिहून देतो. रीळ मीच दिलतो म्हणून."

"द्या. मला परत घेत्यात काय, एवढंच बघा." मग तिनं विचारलं, "पर त्या जुन्या तारंत वाईट काय हुतं, अण्णा? लगेच वितळायची की."

"शिसं असतंय त्यात. हाताला लागून पोटात जातंय. विषारी."

सुरी थांबली.

"तीन आठवडे मी त्याच टेबलावर डबा खाल्ला. तुमी समोर हुतासा."

"व्हय."

"हात धू म्हणाला न्हाईसा."

जयाबाई म्हणाली, "निपाणीचं जैन तुमी. पाणीबी गाळून पिता. आमच्या सुनंला एवढं सांगाय जमलं न्हाय व्हय?"

चहा न घेताच श्रीपाल उठले.

गुरुवारी त्यांनी एक पान लिहून दिलं. रीळ मी दिलं. त्यात शिसं आहे, हे मला माहीत होतं. हात धुवायला मी सांगितलं नाही आणि जेवायला वेगळी जागाही दिली नाही.

युवराजनी ते दोनदा वाचलं. "श्रीपालअण्णा, रीळ दिलं, चूक झाली, एवढं बास. हात धुवायचं अन् जेवायचं काढा. ते सरकारी तपासणीत गेलं तर कारखाना अडकतोय. ते काढा, सोमवारी तिला कामावर बोलावतो."

"आणि न्हाय काढलं तर?"

"मग चौकशी चालू राहील. ती घरात."

युवराजनी पान परत दिलं.

काय करू, हे विचारायला शुक्रवारी श्रीपालनी रूपालीला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा जयाबाईनं उचलला, आणि दोन्ही वेळा श्रीपालनी तो न बोलता ठेवला.

शनिवारी दुपारी साडेतीनपर्यंत पान श्रीपालच्या खिशात होतं. एकही ओळ खोडलेली नव्हती. ते ऑफिसात पुन्हा दिलेलंही नव्हतं.