पाणी घातलेलं औषध

आजारी पडल्याचा एक फायदा झाला. ज्या नातेवाइकांनी आजवर माझा फोन उचलला नाही, ते आता न बोलावता घरी येतात, माझ्या पलंगाच्या कडेला टेकतात आणि "चेहऱ्यावर तेज आहे हं" म्हणतात. मी आयुष्यभर चष्मे बनवले. तेज दिसणाऱ्यांपैकी निम्म्यांचे नंबर मीच काढलेले आहेत, त्यामुळे मी ते फार मनाला लावून घेत नाही.

रोग हाडांत उतरलाय. हॉस्पिटलनं "आता घरी न्या, घरचं वातावरण चांगलं" असं सांगितलं. हात टेकले, हे सांगायची ती सुशिक्षित पद्धत. मग आमच्याकडे हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत सांभाळणारी, टीम यायला लागली. एक डॉक्टर, एक नर्स आणि एक समुपदेशक बाई. मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारलं, "बरं करणार का मला?" ते म्हणाले, "नाही. पण दुखू देणार नाही." इतक्या महिन्यांत एका प्रश्नाला एकच उत्तर देणारा हा पहिला डॉक्टर भेटला. मला माणूस आवडला.

समुपदेशक बाईंना मी हम्मबाई म्हणतो. काहीही बोला, त्या मान तिरकी करून "हम्म" म्हणतात. एकदा मी पंखा फार आवाज करतो म्हणालो, तेव्हाही म्हणाल्या. याचा पगार मिळत असेल तर मी उगाचच काचा घासत बसलो.

डॉक्टरांनी मॉर्फिनचं पातळ औषध दिलं. बिनसुईच्या सिरिंजमध्ये खुणेपर्यंत भरायचं आणि दर चार तासांनी तोंडात सोडायचं. नर्सनं बायकोला शिकवलं, बायको लगेच शिकली. पहिले काही दिवस स्वर्ग होता. म्हणजे तिकडे जायच्या आधीच.

मग माझी थोरली बहीण आली. ताई डॉक्टर नाही, पण त्यावाचून तिचं कधी काही अडलं नाही. तिनं बायकोला स्वयंपाकघरात नेलं आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा हळू आवाजात सांगितलं, "अगं, हे औषध माणसाला झोपवतं ते कायमचं. आमच्या शेजारच्यांचं तेच झालं. बायकोनं पाजलं आणि तासाभरात खेळ खल्लास. बिचारी अजून म्हणते, माझ्याच हातानं गेले." एवढं उपयुक्त ज्ञान देऊन ती चहा पिऊन गेली.

त्या संध्याकाळपासून माझं औषध गोड झालं.

मॉर्फिन कडूजहर असतं. बायको त्यात निम्मं साखरेचं पाणी घालायला लागली होती. माझं बाकी सगळं भंगारात निघालं असलं तरी जीभ शाबूत आहे. पहिल्याच घोटाला कळलं, आणि थोड्या वेळानं पाठीलाही कळलं. कुणीतरी मणक्यात गिरमिट घालून सावकाश फिरवत होतं. मला रडू यायचं. मी भिंतीकडे तोंड करायचो.

आता तुम्ही म्हणाल, मग बोलायला काय झालं होतं? झालं असं होतं की औषध दिलं की बायको विचारायची, "बरं वाटतंय का?" मी हो म्हटलं की ती आत जाऊन दोन घास खायची. नाही म्हटलं की माझे पाय दाबत उपाशी बसून राहायची. म्हणून मी हो म्हणायचो. दुकानात गिऱ्हाइकं अशीच वागायची. ही काच बरी की ही, असं विचारलं की मला वाईट वाटू नये म्हणून "हीच, हीच" म्हणायची आणि घरी जाऊन जिन्यावरून पडायची. मी त्यांना मनातल्या मनात गाढव म्हणत असे.

नर्स दर खेपेला विचारायची, "काका, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" मी तीन सांगायचो. तीन हा आकडा सभ्य वाटतो. पण परवा तिनं पाठ पुसायला मला कुशीवर वळवलं आणि मी उशीचा अभ्रा दातांत धरला. तिनं औषधाची बाटली उचलून खिडकीसमोर धरली.

"ही एव्हाना संपायला हवी होती," ती म्हणाली. मग उठून तिनं दार लावून घेतलं. "खरं सांगा. किती?"

"नऊ."

"काकू पाणी घालतात?"

"तिला ओरडू नका."

"त्यांना कशाला ओरडू? मी तुम्हाला ओरडणार आहे," ती म्हणाली, आणि चांगली ओरडली. "त्या तुमच्या काळजीनं पाणी घालतात, तुम्ही त्यांच्या काळजीनं थापा मारता, आणि तुमच्या त्या तीनवर डॉक्टर डोस ठरवतात. वा, काय संसार आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी टीम आली. ताईही हजर होती, अशा वेळी तिला कसं कोण जाणे कळतंच. सगळे माझ्याच खोलीत बसले. नर्सनं पाण्याचं नावही काढलं नाही. तिनं बायकोला एवढंच विचारलं, "काकू, औषध देताना कशाची भीती वाटते?"

उत्तर अर्थातच ताईनं दिलं. ते बरंच लांबलं असतं, पण हम्मबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या शेजाऱ्यांचं मला नीट ऐकायचंय. आपण बाहेर बसू या." त्या तिला बाल्कनीत घेऊन गेल्या. नंतर तासभर तिकडून ताईचा आवाज आणि मधून मधून "हम्म" एवढंच ऐकू येत होतं. त्या बाईचा पगार मी मनातल्या मनात दुप्पट केला.

ताई बाल्कनीत गेल्यावर बायको खाली बघत म्हणाली, "मी दिलं आणि हे उठलेच नाहीत तर?"

डॉक्टर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "एक दिवस उठणार नाहीत," ते म्हणाले. "या रोगानं जातील. मोजून दिलेल्या औषधानं नाही. पण तुम्ही दर चार तासांनी देताय, म्हणजे कुठला तरी डोस शेवटचा असणारच. पाण्याचाही एक घोट शेवटचा असेल. पाण्यानं गेले म्हणाल का?"

नर्स म्हणाली, "तुम्हाला द्यायचं नसेल तर आम्ही दुसरी सोय करू. तुमच्यावर सक्ती नाही." फोन कधीही करा, असं सांगून ते गेले आणि जाताना ताईलाही गाडीत घालून घेऊन गेले. सेवा म्हणतात ती ही.

आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "साखर जरा जास्त व्हायची."

तिचा चेहरा पांढरा पडला. "ठाऊक होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि हो, हो, बरं वाटतंय म्हणत होतात?"

"तू जेवायचीस त्यावर."

ती भडकली. "इथं तुमचा जीव जात होता आणि मला जेवायला पाठवत होतात? आता घास उतरेल का माझ्या घशाखाली?" मग तिला रडू फुटलं, आणि मलाही. दोघं बराच वेळ रडलो. इतक्या महिन्यांत एकदाही बरोबर रडलो नव्हतो, पाळ्या लावून रडत होतो.

"ऐक," मी म्हणालो. "मी जाणार आहे. या रोगानं जाणार आहे, तुझ्या हातानं नाही. ताई काहीही म्हणो, कुणी काहीही म्हणो."

"म्हणतील तेव्हा सांगायला येणार आहात का तुम्ही?"

"नाही. म्हणून आत्ता सांगतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, हात धुतले आणि सिरिंज खुणेपर्यंत भरली. एका हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरून तिनं ती माझ्या तोंडात रिकामी केली. औषध कडूजहर होतं. थोड्या वेळानं ते गिरमिट थांबलं आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. ती पलंगावर वाकून माझ्या नाकाखाली बोट धरून बसली होती.

"आहे अजून," मी म्हणालो.

"दिसतंय मला," ती म्हणाली.

बोट मात्र तिनं काढलं नाही. मीही तसाच पडून राहिलो.