पंचावन्नच्या आत

"व्हर्लिन, सकाळपासून तिसऱ्यांदा जागा बदलतोयस. अंडं घालायचंय का?"

लिओना ब्रॅकने आपली पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली होती. मागे काटेरी तारेची भेंडोळी होती आणि त्यांच्या मधोमध, टोचून न घेता, एक कुत्रा बसला होता. महामार्गाच्या दोन्ही अंगांची कुरणे लिओनाची. त्यामुळे मधल्या रस्त्यावर कोण काय करतो हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, असे ती समजत असे.

व्हर्लिन हाउगेनने आपल्या पिवळ्या सरकारी ट्रकचे इंजिन बंद केले. "वारा फार आहे," तो म्हणाला.

"वारा माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे. हा टपावरचा दिवा मात्र नवीन दिसतोय."

टपावरचा पिवळा दिवा फिरत होता. व्हर्लिनने वर पाहिले नाही.

"सुरक्षेसाठी आहे."

"कुणाच्या?"

लिओना हसली. "टेकडीवरून दिसला आणि माझा पाय आपोआप वर आला. पंचावन्नवर आले, बघ. इतकी शहाण्यासारखी मी चर्चमध्येसुद्धा वागत नाही."

"आणि इथून पुढे?"

"इथून पुढे भरून काढणार. गुरांचा बाजार काय माझ्यासाठी थांबणार आहे? मायर्नाला सांग, तिचा केक चांगला झाला होता." तिने गाडी सुरू केली. टेकाडापलीकडे जाईपर्यंत ती सत्तरच्या पुढे गेली असावी. ते इंजिनाच्या आवाजावरून कळत होते; मोजावे लागले नाही.

मोजणे हे व्हर्लिनचे काम होते. रस्त्यावर ठरावीक अंतराने आडव्या ठोकलेल्या दोन रबरी नळ्या, त्यांना जोडलेली एक लोखंडी पेटी. चाक पहिल्या नळीवरून गेले की हवेचा दाब पेटीत पोहोचतो, दुसऱ्या नळीवरून गेले की पुन्हा पोहोचतो. दोहोंमधल्या वेळावरून वेग निघतो. राज्यातल्या ठरलेल्या जागी ठरलेल्या तिमाहीत अशी अखंड एक दिवस-रात्र मोजणी करायची, असा नेम होता. त्यासाठी वाहनचालकाला आपण मोजले जात आहोत हे कळता कामा नये. म्हणून नळ्या ठोकून झाल्या की व्हर्लिन ट्रक महामार्ग खात्याच्या खडीच्या ढिगामागे नेऊन लावी, आणि तिथे वारा, माश्या व थर्मासमधली कॉफी यांच्या संगतीत बसून राही. गेली अनेक वर्षे तो तसाच बसत आला होता. हे काम कंटाळवाणे आहे असे त्याला कधी वाटले नाही. ते नेमके आहे एवढेच त्याला पुरत असे.

आज तो बसू शकत नव्हता.

देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गॅलन पेट्रोलमागे काही सेंट वॉशिंग्टनला जात, आणि तिथून एका सूत्राप्रमाणे राज्यांना रस्त्यांसाठी परत मिळत. परत येताना त्या पैशाबरोबर अटी येत. सध्याची अट वेगाची होती. कमाल मर्यादा ताशी पंचावन्न मैल. आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक गाड्या ती ओलांडताना आढळल्या, तर महामार्गाच्या निधीतला दहाव्या हिश्श्यापर्यंतचा पैसा रोखून धरता येई. पूर्वेकडच्या दाट शहरांत ही मर्यादा कदाचित कुणाला जाचत नसेल. जिथे पुढचे गाव दिसायला लागल्यानंतरही अर्धा तास लागतो, तिथे ती कुणीच पाळत नव्हते. तरी दरवर्षी राज्याचा आकडा निम्म्याच्या किंचित खाली येत असे. कसा, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

या वर्षी तो किंचित वर जाण्याच्या बेतात होता. सप्टेंबर संपत आला होता आणि त्याबरोबर केंद्राचे आर्थिक वर्षही. शेवटच्या मोजण्यांपैकी ही एक होती, आणि हा राज्यातला सर्वांत सरळ रस्ता होता.

आदल्या दिवशी त्याचा वरिष्ठ गेलन प्रूइट याने त्याला खोलीत बोलावले होते. टेबलावर खोक्यात तो दिवा होता.

"नवा आहे," गेलन म्हणाला. "टपावर चुंबकानं चिकटतो. तुम्ही लोक रस्त्यावर असता, उद्या कुणी उडवलं म्हणजे? दिवा लावायचा आणि ट्रक कडेलाच ठेवायचा, लोकांना दिसेल असा."

"मोजणी चालू असताना?"

"सुरक्षा काय मोजणीपुरती सुट्टीवर जाते?"

"गेलन, दिवा दिसला की सगळे हळू होतात."

"मग चांगलंच आहे की. कायदा पाळतात." गेलनने हसण्याचा प्रयत्न केला, तो सोडून दिला आणि खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, मी तुला एक आकडासुद्धा बदलायला सांगत नाहीये. पेटी जे मोजेल ते मोजेल. पण पैसा अडकला तर काही कामं मागे ढकलावी लागणार. पहिलं कुठलं, तुला ठाऊक आहे?"

व्हर्लिनला ठाऊक होते. विलो खाडीवरचा पूल. पलीकडे पाच-सहा कुटुंबे राहत, त्यांच्यात वजनदार माणूस कुणी नव्हता. पुलाच्या तुळया गंजल्या होत्या, फळ्या जुन्या होत्या, आणि वजनाची मर्यादा इतकी खाली आणली होती की शाळेची भरलेली बस त्यावरून नेता येत नसे. म्हणून बस अलीकडे थांबे. मुले उतरून रांगेने चालत पलीकडे जात. मग चालक रिकामी बस, दार उघडे ठेवून, चालण्याच्या गतीने पुलावरून नेई. दार उघडे का, हे मुलांना सांगितलेले नव्हते. चालक होती मायर्ना हाउगेन, व्हर्लिनची बायको.

"तुझ्याच घरचा प्रश्न आहे म्हणून सांगतो," गेलन म्हणाला. "दुसऱ्या कुणाला मी दिवा दिला असता, एवढं बोललो नसतो."

आता तो दिवा टपावर फिरत होता, आणि व्हर्लिनने सकाळपासून काय केले होते ते त्याला स्वतःला नीटसे सांगता आले नसते. नळ्या ठोकून झाल्यावर सवयीने त्याने ट्रक ढिगामागे नेला होता. तिथून परत कडेला आणून दिवा लावला. मग तो विझवून ट्रक जरा मागे घेतला, इतका की अर्धा दिसावा. पुन्हा कडेला. प्रत्येक वेळी तो उतरून पेटीपर्यंत चालत गेला आणि काचेआडचे आकडे पाहून आला. दिव्याशिवाय दर दहांतल्या सात गाड्या पंचावन्नच्या वर होत्या. दिवा लावल्यावर तीन. याला आपण प्रयोग म्हणावे, असे त्याच्या मनात आले. पण प्रयोगात उत्तर आधी माहीत नसते.

ट्रकमधल्या रेडिओवर खरखर झाली. ट्रेलरवाले एकमेकांशी बोलत होते.

"पश्चिमेला निघालेल्या मंडळींनो, खडीच्या ढिगाजवळ पिवळा दिवा घेऊन एक बाबाजी बसलाय. पाय आवरा."

"पोलीस आहे?"

"छे रे. मोजणीवाला वाटतो. टेकाडापर्यंत सभ्यपणा दाखवा, मग तुमचं तुम्ही बघा."

"माझ्यापाशी तेवढाच सभ्यपणा आहे. टेकाड किती लांब?"

दोघे हसले. थोड्या वेळाने एकामागून एक पाच ट्रेलर गेले, मिरवणुकीतल्यासारखे संथ. चालकांपैकी एकाने टोपी उचलून व्हर्लिनला नमस्कार केला. व्हर्लिनने हात वर केला नाही.

हेच आकडे पुढे कुठे जातात, तेही त्याला माहीत होते. टेकाडांवर पुढची गाडी ओलांडू नये असे सांगणारी पिवळी रेघ किती आधी सुरू करायची, हे अभियंते गाड्यांच्या वेगावरून ठरवत. आकडा खाली आला की रेघ आखूड होणार. मग कधीतरी कुणीतरी, चढावर पुढचे दिसत नसताना, रेघ नाही म्हणून ओलांडायला गाडी बाहेर काढणार. तो कोण असेल हे व्हर्लिनला माहीत नव्हते. मायर्ना कोण हे माहीत होते. एका पारड्यात चेहरा होता आणि दुसऱ्यात फक्त शक्यता, आणि शक्यतेलाही वजन असते ही गोष्ट ज्याला पगार देऊन शिकवली होती असा त्या रस्त्यावर तो एकटाच होता.

तो उतरला. टपावर हात घालून त्याने दिवा ओढला. चुंबक सहज सुटेना, दोन्ही हात लावावे लागले. पेटीतली सकाळची मोजणी त्याने पुसून टाकली आणि शून्यापासून पुन्हा सुरू केली. मग ट्रक ढिगामागे नेऊन इंजिन बंद केले. तिथे बसल्यावर बरे वाटेल असा त्याचा अंदाज होता. तो चुकला. दुसऱ्या दिवशी नळ्या काढेपर्यंत तो खिडकीची काच खालीवर करत राहिला.

गेलनने मोजणीचा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"दिवा मिळाला होता ना?" त्याने विचारले.

"मिळाला होता."

"मग?"

"नळ्या ठोकताना लावला. मोजताना काढला."

"लेका, तुझं नाव या कागदावर कुठेच नाही. तुला शाबासकी द्यायला कुणी येणार नाहीये."

"माहीत आहे."

"पूल गेला, व्हर्लिन."

"तेही माहीत आहे."

वास्तविक वॉशिंग्टनने अजून एक डॉलरही रोखला नव्हता. खुलासे मागवले जाणार, सुनावण्या होणार, कदाचित काहीच होणार नाही. पण कापले जाईल या भीतीने खाते आधीच आपले कापून ठेवते. ते कापलेले नंतर कुणी जोडत नाही. आठवड्याच्या आत विलो खाडीचे काम पुढच्या वर्षातून निघून 'यथावकाश' या सदरात गेले.

व्हर्लिनने ते मायर्नाला जेवताना सांगितले. ती बटाटे वाढत होती.

"का?" तिने विचारले.

त्याने सगळे सांगितले. दिवा, ढीग, दहांतले सात आणि दहांतले तीन. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्याला भीती वाटली ती त्याचीच.

"म्हणजे नुसता दिवा लावून बसायचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"खोटं लिहायचं नव्हतं, सही करायची नव्हती. बसायचं होतं."

"बसणं म्हणजेच—"

"सांगू नकोस. सांगितलंस तर मला पटेल, आणि मला आत्ता पटवून घ्यायचं नाहीये." तिने चमचा भांड्यात टाकला. "अख्ख्या राज्यात खरं मोजणारा एकच माणूस, तो नेमका माझ्याच नशिबी यायचा होता. तुला ठाऊक आहे त्या फळ्यांवर कसं वाटतं? तू कधी बसलायस आत?"

"नाही."

"अख्खा पूल कण्हतो. मी दर वेळी मोठ्यानं गाणं म्हणते, ऐकू येऊ नये म्हणून. पलीकडे पोरं हसतात, मायर्नाबाई बेसूर गातात म्हणून."

हे तिने त्याला कधी सांगितले नव्हते. तो ताटाकडे पाहत राहिला. "तू ती फेरी सोड," तो म्हणाला.

"मग कोण घेईल? दुसरी बाई घेईल. ती कुणाची कुणीच नाही का?"

हाच मुद्दा त्याने खडीच्या ढिगाशी स्वतःपुढे मांडला होता. तिच्या तोंडून तो ऐकताना त्याला जिंकल्यासारखे मुळीच वाटले नाही. त्या रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपली, आणि पुढचे काही आठवडे घरात फक्त कामापुरते बोलणे झाले.

नोव्हेंबरमध्ये खाडीच्या कडा गोठल्या. त्या दुपारी मायर्ना बस घेऊन पुलाशी आली तेव्हा व्हर्लिनची गाडी अलीकडे उभी होती, आणि तो वाकून, पाय घसरू नयेत म्हणून, फळ्यांवर शेगडीतली राख पसरत होता. त्याने कामावरून लवकर निघण्याची परवानगी घेतली होती. तिने मुलांना उतरवले.

"कठड्याला हात लावायचा नाही, हातमोजे चिकटतील. त्या काकांच्या मागे जा."

तो पुढे आणि मुले मागे अशी रांग पलीकडे गेली. मग तो मुलांना मागे सारून, त्यांच्या व पुलाच्या मध्ये उभा राहिला. बस आली. आतून गाणे ऐकू येत होते. ते बेसूर होते हे खरे. मुले हसली. व्हर्लिनने पुलाकडे पाहिले, चाकांकडे पाहिले, एकेका तुळईचा आवाज वेगळा ऐकला, आणि आयुष्यात प्रथमच एखादी गाडी किती वेगाने येते आहे हे त्याला सांगता आले नसते.

बस थांबली. मुले चढली. मायर्नाने दार लगेच लावले नाही.

"मधल्या फळ्यांवर कमी पडलीय," ती म्हणाली. "उद्या दोन बादल्या आण."

"आणतो."

"आणि लवकर ये. मी वाट बघत थांबणार नाही."

दार मिटले. बस चढ चढून दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग रिकामी बादली घेऊन तो परत निघाला आणि पुलाच्या मध्यावर आल्यावर थांबला. वारा पडला होता, पाण्यावर कुठे हालचाल नव्हती. त्याच्या बुटांखाली फळ्या अजून थरथरत होत्या.